प्रोग्राम चालतो कुठे? यंत्र, वातावरण आणि डिप्लॉयमेंट डायग्राम

सॉफ्टवेअर घडवताना चर्चेचा बहुतेक वेळ 'हे काय करणार?' या प्रश्नावर जातो. पडदे कसे दिसतील, बटण दाबल्यावर काय होईल, हिशेब कसा जुळेल, यावर बैठकांमागून बैठका होतात. 'हे चालणार कुठे?' हा प्रश्न बहुधा शेवटी, काम हातावेगळे करण्याच्या घाईत विचारला जातो. मग एखाद्या रात्री नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवली जाते, ती चालत नाही आणि लिहिणारा सांगतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय." तो खोटे बोलत नसतो. त्याच्या मशीनवर ते खरोखरच चालत असते. कोडमध्ये एक अक्षरही बदललेले नसते. बदललेली असते ती कोडखालची जमीन. यंत्र वेगळे, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, रनटाइमची आवृत्ती वेगळी, जाळ्यातली जागा वेगळी.

ही जमीन कागदावर उतरवण्यासाठी सॉफ्टवेअरच्या जगात एक आकृती आहे: डिप्लॉयमेंट डायग्राम. ती दिसायला साधी असते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्षही होते. पण ती नीट काढली तर यंत्र कोणते, त्यावरचे चालण्याचे वातावरण कोणते, त्या वातावरणात नेमकी कोणती फाइल ठेवली आहे आणि ही सगळी यंत्रे एकमेकांशी कशी बोलतात, हे एका पानावर कळते. या प्रकरणाचे म्हणणे असे की, यंत्र आणि वातावरण या दोन गोष्टी आकृतीत वेगवेगळ्या आणि जशा आहेत तशा दाखवल्याच पाहिजेत. मोठमोठे अपघात घडले आहेत ते नेमके या थरांच्या सांध्यात.

ठोकळ्याची गोष्ट

1990च्या दशकाच्या सुरुवातीला सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढण्याच्या अनेक पद्धती प्रचलित होत्या आणि प्रत्येकीच्या खुणा वेगळ्या होत्या. ग्रेडी बूच यांच्या पद्धतीत 'प्रोसेस डायग्राम' नावाची एक आकृती होती. तिच्यात यंत्रे घनाकृती ठोकळ्यांनी दाखवत आणि ठोकळे दोन जातींचे असत: प्रोग्राम चालवू शकणारा तो प्रोसेसर आणि चालवू न शकणारा तो डिव्हाइस. पुढे जेम्स रम्बॉ आणि इव्हार याकबसन हे बूच यांच्याबरोबर रॅशनल कंपनीत आले, तिघांच्या पद्धती एकत्र झाल्या आणि यूएमएल, म्हणजे युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज, जन्माला आली. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने 1997मध्ये तिला मानक म्हणून स्वीकारले. बूच यांचा ठोकळा नव्या भाषेत 'नोड' झाला.

याच सुमारास, 1995मध्ये, फिलिप क्रुश्टेन यांनी 'आयईईई सॉफ्टवेअर' या नियतकालिकात एक लेख लिहिला. मोठी प्रणाली एका चित्रात मावत नाही; तिच्याकडे चार बाजूंनी पाहावे आणि वापराच्या प्रसंगांनी या चारही बाजू जोडाव्यात, असे त्यांनी मांडले. त्या चारांपैकी एक बाजू भौतिक होती: सॉफ्टवेअर कोणत्या यंत्रांवर वसते? सॉफ्टवेअरची वास्तुरचना सांगताना यंत्रांचा हिशेब द्यावाच लागतो, ही गोष्ट या मांडणीने ठसवली.

यूएमएलच्या पहिल्या आवृत्त्यांत मात्र नोड हा एकच सरधोपट प्रकार होता आणि त्यावर 'कंपोनंट' थेट ठेवले जात. कंपोनंट ही विचारातली वस्तू असते. सर्व्हरच्या डिस्कवर सापडतात त्या फाइली. 2005मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूएमएल 2.0ने हा घोळ निस्तरला. नोडवर ठेवायची वस्तू म्हणजे 'आर्टिफॅक्ट' असे ठरले: एखादी जार फाइल, चालवण्याजोगी एक्झिक्युटेबल फाइल, स्क्रिप्ट, डेटाबेसची मांडणी. कोणता आर्टिफॅक्ट कोणत्या कंपोनंटचे मूर्त रूप आहे, हे «मॅनिफेस्ट» असे लिहिलेल्या तुटक बाणाने दाखवायचे. आणि नोडचे दोन खास प्रकार झाले: «डिव्हाइस» आणि «एक्झिक्युशन एनव्हायर्न्मेंट».

यंत्र वेगळे, वातावरण वेगळे

डिव्हाइस म्हणजे हात लावता येईल असे, गणनेची ताकद असलेले यंत्र: कपाटातला सर्व्हर, टेबलावरचा संगणक, खिशातला फोन, लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलमधला छोटा बोर्ड. बूच यांच्या पद्धतीत ज्याच्यावर प्रोग्राम चालत नाही त्याला डिव्हाइस म्हणत. यूएमएल 2मध्ये नेमके उलट झाले. जुनी पुस्तके आणि नव्या आकृत्या शेजारी ठेवून वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

एक्झिक्युशन एनव्हायर्न्मेंट म्हणजे यंत्रावर उभे असलेले, विशिष्ट प्रकारचे प्रोग्राम चालवू शकणारे सॉफ्टवेअर: ऑपरेटिंग सिस्टिम, जावाचे व्हर्च्युअल मशीन, वेब अॅप्लिकेशन चालवणारा टॉमकॅट, डेटाबेस, ब्राउझर. ते स्वतः सॉफ्टवेअर असले तरी आपल्या दृष्टीने ते आधीच तिथे असते आणि आपला प्रोग्राम त्याच्या भरवशावर जगतो. म्हणून आकृतीत तेही ठोकळा होते, यंत्राच्या ठोकळ्याच्या आत ठेवलेला ठोकळा.

नाटकाच्या दौऱ्याचे उदाहरण घेऊ. नाट्यगृहाची इमारत म्हणजे यंत्र. रंगमंचावरची प्रकाशयोजना, ध्वनियंत्रणा, पडदे ओढण्याची सोय म्हणजे वातावरण. इमारत भव्य असूनही डिमर जुना असला तर संध्याकाळच्या प्रवेशात अंधार होतो. उलट छोट्या गावातल्या मंचावर सोयी नीट असल्या तर तोच प्रयोग रंगतो. दौऱ्याचा व्यवस्थापक नाट्यगृहाचे नाव विचारून थांबत नाही, आत काय काय आहे तेही विचारतो. डिप्लॉयमेंट डायग्राम काढणाऱ्यानेही तेच विचारावे.

ही फोड करण्याचे कारण व्यवहारातले आहे. यंत्र आणि वातावरण यांचे आयुष्य वेगळे असते, मालक वेगळे असतात, बिघाडही वेगळे असतात. यंत्राची डिस्क जाते, वीजपुरवठा जातो, मेमरी अपुरी पडते. वातावरणाची आवृत्ती बदलते, सुरक्षेची दुरुस्ती येते, कंपनी त्याचा आधार बंद करते. दोन्ही एकाच ठोकळ्यात कोंबून 'अॅप सर्व्हर' असे लिहिले की काय बिघडू शकते, हे वाचणाऱ्याला कळायची वाट बंद होते.

एका ग्रंथालयाची आकृती

समजा, एका सार्वजनिक ग्रंथालयाची पुस्तक देवघेव संगणकावर आणायची आहे. काउंटरवर एक संगणक, त्याला बारकोड वाचणारा स्कॅनर आणि पावती छापणारा प्रिंटर जोडलेला. आतल्या खोलीत दोन सर्व्हर. वाचकांच्या फोनवर पुस्तक शोधण्याचे अॅप. याची आकृती पायरीपायरीने काढू.

आधी यंत्रे. «डिव्हाइस» असे लिहिलेले ठोकळे काढायचे: काउंटर संगणक, स्कॅनर, प्रिंटर, अॅप्लिकेशन सर्व्हर, डेटाबेस सर्व्हर, वाचकाचा फोन. स्कॅनर आणि प्रिंटरवर आपला कोणताही आर्टिफॅक्ट ठेवायचा नाही, पण त्यांच्यावाचून देवघेव अडते, म्हणून ते आकृतीत हवेत.

मग वातावरण. अॅप्लिकेशन सर्व्हरच्या ठोकळ्यात लिनक्सचा ठोकळा, त्यात जावा व्हर्च्युअल मशीनचा, त्यात टॉमकॅटचा. डेटाबेस सर्व्हरमध्ये लिनक्स आणि त्यात पोस्टग्रेएसक्यूएल. काउंटर संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्यात ब्राउझर. फोनमध्ये अँड्रॉइड. ब्राउझर हेही वातावरण आहे, हे अनेकांच्या नजरेतून सुटते. पानाबरोबर आलेली जावास्क्रिप्ट सर्व्हरवर नाही, काउंटरवरच्या ब्राउझरमध्ये चालते. तो ब्राउझर जुना असेल तर सर्व्हर कितीही नवा असून उपयोग नाही.

प्रत्येक वातावरणापुढे त्याची आवृत्ती लिहायची. हा बारकावा वरवर किरकोळ वाटतो, पण त्याची किंमत मोठी आहे. जावा 17साठी संकलित केलेली फाइल जावा 8च्या व्हर्च्युअल मशीनवर चढवली, तर ते मशीन ती वाचायलाच नकार देते. टॉमकॅट 9 आणि टॉमकॅट 10 यांच्यात तर आकडा एकानेच वाढला, पण मधल्या काळात सर्व्हलेटच्या पॅकेजचे नाव 'जावाएक्स'वरून 'जकार्ता' असे बदलले होते. परिणामी 9वर सुरळीत चालणारे अॅप्लिकेशन काही बदल न करता 10वर टाकले तर ते उभे राहत नाही. आकृतीत नुसते 'टॉमकॅट' लिहिलेले असेल, तर हा धोका तिच्यात दिसत नाही.

आता आर्टिफॅक्ट. टॉमकॅटच्या ठोकळ्यात 'ग्रंथालय.वॉर' ही फाइल, पोस्टग्रेएसक्यूएलच्या ठोकळ्यात तक्त्यांची मांडणी, अँड्रॉइडमध्ये अॅपची फाइल. आर्टिफॅक्ट आयताने दाखवतात, कोपऱ्यात दुमडलेल्या कागदाची छोटी खूण करतात आणि तो ठोकळ्याच्या आत ठेवतात. आत जागा नसेल तर बाहेर काढून «डिप्लॉय» लिहिलेला तुटक बाण ठोकळ्याकडे नेतात. वॉर फाइल कोणत्या मांडणीने चालवायची हे सांगणारी कॉन्फिगरेशनची फाइल असेल, तर तिला «डिप्लॉयमेंट स्पेक» म्हणून शेजारी दाखवतात. डेटाबेसचा पत्ता, जोडण्यांची कमाल संख्या, अशा गोष्टी तिथे नोंदवता येतात.

शेवटी रस्ते. दोन नोडमधली सरळ रेघ म्हणजे संवादमार्ग. तिच्यावर प्रोटोकॉल लिहायचा: ब्राउझर ते सर्व्हर «एचटीटीपीएस», अॅप्लिकेशन सर्व्हर ते डेटाबेस «टीसीपी/आयपी» आणि पोस्टग्रेएसक्यूएलचा नेहमीचा पोर्ट 5432, स्कॅनर ते संगणक «यूएसबी». रेघेच्या टोकांना संख्या: सर्व्हरच्या बाजूला 1, फोनच्या बाजूला 'कितीही' या अर्थाचा तारा. फोनपासून डेटाबेसपर्यंत थेट रेघ नाही, हेही आकृती सांगते. न काढलेली रेघ हा सुरक्षेचा निर्णय असतो. फायरवॉल बसवणारा माणूस या रेघा बघूनच कोणते पोर्ट उघडायचे ते ठरवतो.

दोन यंत्रे, एकच चूक

4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू येथून एरियान 5 या युरोपीय रॉकेटचे पहिले उड्डाण झाले. उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून सुमारे 40 सेकंदांत रॉकेट वाकडे झाले, तुटले आणि त्याचा स्फोट झाला. चौकशी मंडळाने शोधलेले कारण डिप्लॉयमेंटच्या अभ्यासकाने मुळातून समजून घ्यावे असे आहे.

रॉकेटची दिशा आणि गती मोजणारी यंत्रणा महत्त्वाची, म्हणून तिचे दोन संगणक-संच बसवले होते: एक काम करणारा, दुसरा तयारीत उभा. दोन्ही संचांवरचे सॉफ्टवेअर एकच होते आणि ते आधीच्या एरियान 4मधून आणलेले होते. एरियान 5चा सुरुवातीचा उड्डाणमार्ग वेगळा. त्यात आडवा वेग एरियान 4पेक्षा खूप झपाट्याने वाढतो. त्या वेगाशी निगडित 64 बिटांची एक संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात बसवताना मावली नाही आणि संच बंद पडला. आधी बंद पडला तो तयारीतला. केवळ 72 मिलिसेकंदांनी, त्याच कारणाने, काम करणाराही गेला. दुःखाची बाब अशी की, ज्या गणनेमुळे हे घडले तिचा एरियान 5ला उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता.

याची आकृती काढली तर दोन «डिव्हाइस» ठोकळे शेजारी दिसतील आणि दोघांच्या आत एकच आर्टिफॅक्ट दिसेल. ठोकळे मोजले तर सुरक्षितता दुप्पट वाटते. आर्टिफॅक्ट मोजले तर ती एकपटच आहे. यंत्र जोडीने ठेवले की यंत्राच्या बिघाडापासून संरक्षण मिळते. त्यावरच्या प्रोग्रामच्या चुकीपासून मिळत नाही. हा फरक आकृतीत डोळ्यांना दिसतो, पण त्यासाठी ठोकळ्याच्या आत काय आहे ते काढलेले हवे.

एरियान 5 आणखी एक गोष्ट शिकवते. प्रोग्रामचे वातावरण ऑपरेटिंग सिस्टिमपाशी संपत नाही. ज्या रॉकेटात संच बसला होता त्याचा वेग, त्याचा मार्ग हेही त्या प्रोग्रामने गृहीत धरलेल्या जगाचा भाग होते. यूएमएलमध्ये यासाठी वेगळी खूण नाही, पण टिपणाची चौकट जोडून लिहिण्याची मुभा आहे. 'अमुक मर्यादेपर्यंतच्या वेगासाठी' असे एक वाक्य ठोकळ्याशेजारी असणे ही आकृतीची शोभा नाही, तो तिच्या कामाचाच भाग आहे.

आठवा सर्व्हर

डिप्लॉयमेंट डायग्राम दोन पातळ्यांवर काढता येते. पहिली प्रकाराची: 'ऑर्डर सर्व्हर' नावाचा एक ठोकळा आणि त्याच्या संख्येपुढे 8. दुसरी प्रत्यक्षाची: आठ ठोकळे, प्रत्येकाचे नाव अधोरेखित, नावापुढे अपूर्णविराम (:) आणि मग प्रकार, जसे 'ऑर्डर8 : ऑर्डर सर्व्हर', आणि प्रत्येकात खरोखर बसवलेली फाइल तिच्या आवृत्तीसह. पहिली आकृती हेतू सांगते, दुसरी वस्तुस्थिती. या दोन्हींमधली फट किती महाग पडू शकते, याचे उदाहरण अमेरिकेच्या शेअर बाजारात आहे.

नाइट कॅपिटल ही तिथली मोठी दलाली कंपनी. 1 ऑगस्ट 2012 रोजी न्यू यॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू होणार होती. तिच्यासाठी कंपनीने आपल्या ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीत नवा कोड लिहिला. ही प्रणाली आठ सर्व्हरवर चालत असे. नवा कोड सात सर्व्हरवर चढवला गेला. आठव्यावर तो चढवायचा राहून गेला आणि दुसऱ्या कोणी ते तपासले नाही. तशी लेखी पद्धतच कंपनीत नव्हती.

आठव्या सर्व्हरवर 'पॉवर पेग' नावाचे एक जुने कार्य अजून शिल्लक होते. 2003पासून त्याचा वापर बंद होता. नव्या कोडने जो संकेत-ध्वज वापरला, तोच पूर्वी पॉवर पेग चालू करण्यासाठी वापरला जाई. बाजार उघडला, तो ध्वज लावलेल्या ऑर्डर आल्या, सात सर्व्हरवर नवे कार्य चालले आणि आठव्यावर जुने जागे झाले. ऑर्डर पूर्ण झाली की थांबण्याचा हिशेब त्या जुन्या कार्यापासून पूर्वीच्या एका बदलात तुटलेला होता, म्हणून ते थांबेचना. सुमारे 45 मिनिटांत 154 कंपन्यांच्या शेअरमध्ये 40 लाखांहून अधिक व्यवहार झाले. अमेरिकेच्या रोखे नियामकाच्या आदेशानुसार कंपनीचे नुकसान 46 कोटी डॉलरहून अधिक होते.

या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट दुरुस्तीच्या वेळची आहे. काय चुकले हे कळेना, तेव्हा नव्या कोडवर संशय घेऊन तो उरलेल्या सात सर्व्हरवरून काढून टाकण्यात आला. त्यामुळे तिथेही जुना कोड चालू झाला आणि नुकसान वाढले. 'कोणत्या यंत्रावर आत्ता कोणती फाइल आहे' याचे खरे चित्र त्या क्षणी कोणाच्याही समोर नव्हते. नियामकाने पुढच्या वर्षी कंपनीला 1 कोटी 20 लाख डॉलरचा दंड केला. तोवर कंपनी गेटको या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती.

'संख्या: 8' असे लिहिलेली आकृती त्या दिवशी निरुपयोगी ठरली असती. आठ ठोकळे वेगळे काढून, प्रत्येकातल्या फाइलची आवृत्ती सर्व्हरवरूनच वाचून भरली असती, तर एका ठोकळ्यातला वेगळा आकडा कोणालाही दिसला असता. आज हे काम हाताने करायची गरज नाही. यंत्रेच आपापली माहिती सांगू शकतात. पण ती माहिती कोणत्या चौकटीत मांडायची, हे ठरवण्याचे काम याच आकृतीचे आहे.

यंत्र दिसेनासे होते तेव्हा

ठोकळ्यात ठोकळा ही कल्पना रुजली तेव्हा सर्वांत बाहेरचा ठोकळा म्हणजे लोखंडी यंत्र, याबद्दल शंका नव्हती. आता ती आहे. एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे उभी करण्याचे तंत्र आयबीएमने 1972मध्ये व्हीएम/370 म्हणून बाजारात आणले होते. 1999पासून व्हीएमवेअरने ते साध्या संगणकांवर आणले, 2006मध्ये अॅमेझॉनने अशी आभासी यंत्रे तासाच्या भाड्याने देणे सुरू केले आणि 2013मध्ये डॉकर हे साधन आल्यावर कंटेनर, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या यांची एकत्र बांधलेली गाठोडी, घरोघरी पोहोचले.

मग आभासी यंत्र हे «डिव्हाइस» की «एक्झिक्युशन एनव्हायर्न्मेंट»? खालच्या खऱ्या यंत्राकडून पाहिले तर ते त्याच्यावर चालणारे वातावरण आहे. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून पाहिले तर ते यंत्रच आहे, प्रोसेसर आणि डिस्कसकट. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि व्यवहारात दोन्ही पद्धतींच्या आकृत्या दिसतात. माझा सल्ला असा: कोणतीही एक पद्धत निवडा, ती पूर्ण आकृतीत पाळा आणि «व्हर्च्युअल मशीन» अशी स्वतंत्र खूण वापरा, म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही. शिवाय खरे यंत्र विसरू नका. तीन आभासी यंत्रांवर तीन प्रती ठेवल्या आणि ती तिन्ही एकाच खऱ्या यंत्रावर वसलेली निघाली, तर त्या यंत्राबरोबर तिन्ही प्रती जातात. बाहेरचा ठोकळा काढलेला असेल तर हा धोका उघडा पडतो.

कंटेनरबाबत तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. डॉकरची इमेज ही फाइल आहे, म्हणून ती आर्टिफॅक्ट. कंटेनर चालवणारे इंजिन किंवा अनेक यंत्रांवरचे कंटेनर सांभाळणारे कुबरनेटीस हे वातावरण. आणि चालू असलेला कंटेनर हा त्या वातावरणातला एक प्रत्यक्ष नोड. कुबरनेटीसमध्ये काम करणाऱ्या यंत्रालाही 'नोड'च म्हणतात, मग ते खरे असो वा आभासी. यूएमएलचा नोड याहून व्यापक आहे, एवढे वाचताना लक्षात असावे.

कंटेनर 'कुठेही चालतो' असे म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे, कारण लागणाऱ्या लायब्रऱ्या तो सोबत घेऊन येतो. पण कर्नल तो आणत नाही. तो यजमान लिनक्सचाच वापरतो. प्रोसेसरही आणत नाही. 2020च्या नोव्हेंबरात अॅपलने एम1 प्रोसेसरचे मॅक आणले तेव्हा अनेक प्रोग्रामरांना याचा अनुभव आला. एआरएम जातीच्या त्या प्रोसेसरवर बांधलेली इमेज इंटेल जातीच्या सर्व्हरवर गेली की 'एक्झेक फॉरमॅट एरर' असा संदेश देऊन कंटेनर बंद पडे. दहा वर्षे ज्याचा विचारही करावा लागला नव्हता तो प्रोसेसर पुन्हा समोर आला. म्हणून «डिव्हाइस» ठोकळ्यात प्रोसेसरची जात लिहावी. एका शब्दाचे काम आहे.

सर्व्हरलेस सेवांमध्ये तर यंत्र भाड्यानेही दिसत नाही. 2014मध्ये अॅमेझॉनने लॅम्डा आणले: आपण फंक्शन द्यायचे, ते कोणत्या यंत्रावर चालेल ते अॅमेझॉन बघते. अशा आकृतीत «डिव्हाइस» काढणे म्हणजे कल्पनेने रंगवणे होईल; तो सोडून द्यावा. वातावरण मात्र राहते आणि ते अधिक काटेकोर होते: भाषेच्या रनटाइमची आवृत्ती, दिलेली मेमरी, एका वेळी जास्तीत जास्त 15 मिनिटे चालण्याची मुभा. यंत्र हातातून गेले की त्या मर्यादाच आपल्या पायाखालची जमीन होतात.

सायमन ब्राउन यांच्या सी4 पद्धतीत याचे सोपे उत्तर आहे. तिथे डिव्हाइस आणि वातावरण यांच्यासाठी वेगळ्या खुणा नाहीत. 'डिप्लॉयमेंट नोड' हा एकच ठोकळा कितीही वेळा एकात एक ठेवता येतो आणि तो नेमका काय आहे हे त्यावर शब्दांत लिहायचे. ज्यांना यूएमएलच्या खुणा जड वाटतात त्यांनी ही पद्धत वापरावी. खूण कोणती यापेक्षा थर वेगळे दिसणे महत्त्वाचे.

यंत्र कोणत्या देशात आहे?

क्लाउड म्हटले की जागा उरत नाही, असा समज आहे. कायदा तसे मानत नाही. 6 एप्रिल 2018 रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले: पैसे देण्याघेण्याच्या प्रणालींचा संपूर्ण डेटा फक्त भारतातील यंत्रणांतच साठवायचा. पुढच्या वर्षीच्या स्पष्टीकरणात असे सांगितले की, प्रक्रिया परदेशात करता येईल, पण नंतर तो डेटा तिथून पुसून ठरावीक मुदतीत भारतात आणावा लागेल. म्हणजे प्रक्रिया करणारा नोड आणि साठवणारा नोड हे वेगळे दाखवावे लागतात आणि दोघांची जागाही लिहावी लागते.

अॅमेझॉनने 2016मध्ये मुंबईत आपला डेटा सेंटरांचा विभाग सुरू केला. मायक्रोसॉफ्टने त्याआधीच्या वर्षी पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे असे विभाग सुरू केले होते. पुण्यामुंबईत बसून बँका आणि फिनटेक कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मराठी अभियंत्यांसाठी ठोकळ्यावरचा 'मुंबई' हा शब्द त्यामुळे कायदेशीर विधान ठरतो. तपासणीला आलेला लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवून पुरावा मागू शकतो. डेटाची प्रत प्रत्यक्षात सिंगापूरला जात असेल आणि आकृतीत मुंबई लिहिली असेल, तर ती आकृती नुसती जुनी नसते, ती चुकीची ग्वाही असते.

काढणाऱ्यासाठी

सुरुवात ठोकळ्यांपासून करा, सौंदर्यापासून नको. प्रत्येक आर्टिफॅक्टवर बोट ठेवून विचारा: हा कशावर चालतो, आणि ते कशावर चालते? उत्तर यंत्रापर्यंत किंवा 'हे पुरवठादाराच्या ताब्यात' इथपर्यंत पोचेपर्यंत थांबू नका. मधल्या प्रत्येक थराची आवृत्ती लिहा. विकास, चाचणी आणि प्रॉडक्शन यांच्या आकृत्या वेगळ्या काढा. त्या तिन्ही सारख्याच निघाल्या तर आनंद आहे, पण बहुधा निघत नाहीत आणि 'माझ्या मशीनवर चालतंय'चे उत्तर त्या फरकातच सापडते.

आकृती मजकुराच्या स्वरूपात ठेवा. प्लँटयूएमएलसारख्या साधनात ठोकळे आणि रेघा शब्दांत लिहिता येतात, त्यामुळे कोडबरोबर तिचीही प्रत्येक आवृत्ती जपली जाते आणि कोणी काय बदलले ते कळते. आणि ती एकट्याने काढू नका. कोड लिहिणाऱ्याला वरचे थर माहीत असतात, सर्व्हर सांभाळणाऱ्याला खालचे. दोघे एका टेबलाशी बसले की मधल्या थरांबद्दल दोघांनीही जे गृहीत धरले होते ते बाहेर येते. पुढच्या वेळी नवी आवृत्ती प्रॉडक्शनला जाण्याआधी तुमच्या प्रणालीची ही आकृती मागवा. नसेल तर त्याच दिवशी काढायला बसा आणि तिच्यातला प्रत्येक ठोकळा प्रत्यक्ष यंत्राशी ताडून पाहा.